हाताने ठेवलेले पंचवीस ठिपके

नकाशात एकूण चार हजार एकशे सदुसष्ट ठिपके होते. त्यांतले मुख्य भूमीचे चार हजार एकशे बेचाळीस, अंदमान-निकोबारचे चौदा आणि लक्षद्वीपचे अकरा. मुख्य भूमीचा ठिपका नऊ मिलिमीटर व्यासाचा, बेटांचा चार मिलिमीटरचा. पत्रा दोन मिलिमीटर जाडीचा, सहा फूट उंच, आणि तीन-तीन फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडून सहा फूट रुंद. वर्षालीने ठिपके दोनदा मोजले होते. एकदा सॉफ्टवेअरला विचारून, आणि एकदा त्याच्यावर भरवसा नको म्हणून ओळीओळीने स्वतः.

बेटांचे पंचवीस ठिपके पॉवर प्रेसवर, पत्रा हातात धरून आणि पायाने पेडल दाबून, हाताने पाडायचे होते. मंगळवारी सकाळी साडेअकराला त्यांतलं बाविसावं भोक पाडताना गणराजच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

काम आलं होतं चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून. नव्या रिसेप्शनमध्ये भिंतभर देशाचा नकाशा हवा होता, पत्र्यात भोकं पाडून केलेला, मागून दिव्यांनी उजळलेला. जिथे जिथे कंपनीचा कारखाना तिथे लाल उजेड. चिंचवडमधल्या निरंजनच्या स्टुडिओत असली कामं वर्षालीकडे येत. ती फिजिक्सची पदवीधर. दापोडीहून रोज बसने यायची. मुलाखतीत निरंजनने विचारलं होतं, "डिझाईन येतं का?" त्यावर ती म्हणाली होती, "मोजता येतं." निरंजन हसला होता आणि त्याने तिला ठेवून घेतलं होतं.

ठिपक्यांचा नकाशा करायची रीत तशी सोपी. देशाची बाह्यरेषा घ्यायची, तिच्यावर समान अंतराच्या बिंदूंची जाळी टाकायची, आणि ज्या बिंदूचा मध्य रेषेच्या आत पडेल तेवढेच ठेवायचे. बाकीचे पुसायचे. अडचण येते ती बेटांची. जाळीच्या दोन बिंदूंमध्ये तीस किलोमीटरचा समुद्र असतो आणि लक्षद्वीपचं एखादं बेट दोन-चार किलोमीटरचं. एकही बिंदू त्यावर पडत नाही आणि अख्खा द्वीपसमूह नकाशातून नाहीसा होतो. बाजारातल्या निम्म्या फुकट नकाशांमध्ये तो नसतोच. कंपनीच्या माणसाने मात्र पहिल्याच नमुन्यावर बोट ठेवलं, "लक्षद्वीप कुठंय? अर्धवट देश लावून उद्घाटन करायचं का आम्ही?"

म्हणून वर्षालीने पंचवीस ठिपके हाताने ठेवले. दुसरं कुणी असतं तर समुद्रात दिसतील असे, सुटसुटीत, डोळ्यांना बरे वाटतील तिथे टाकून मोकळं झालं असतं. तिने प्रत्येक बेटाचे अक्षांश-रेखांश काढले आणि ठिपका तिथेच ठेवला. लक्षद्वीपचा सातवा आणि आठवा ठिपका, म्हणजे अगत्ती आणि बंगारम, खरोखरच जवळजवळ आहेत. ते तिने तसेच जवळ ठेवले. सर्वांत कमी अंतर तिथे होतं. दोन ठिपक्यांच्या कडांमध्ये दोन पूर्णांक चार मिलिमीटर पत्रा उरत होता. पत्र्याच्या जाडीइतकं अंतर तरी हवंच, असा कारखान्यातला दंडक. तो पाळला जात होता.

हे सगळं आठ फुटी नकाशाचं. शुक्रवारी दुपारी कंपनीचा फोन आला की फॉल्स सीलिंग खाली आलंय, नकाशा सहा फुटांचा करा, आजच्या आज. वर्षालीने सगळा नकाशा निवडला, पंचाहत्तर टक्के केला आणि फाईल पाठवली.

शनिवारी ती स्वतः दादासाहेबांच्या शेडवर गेली, कारण फाईल आणि पत्रा यांच्यामध्ये पुष्कळ माणसं असतात हे तिला ठाऊक होतं. दादासाहेब जुन्या गावातले. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड टाकली होती. आत संगणकावर चालणारं एक सीएनसी पंचिंग मशीन, चार जुने पॉवर प्रेस आणि अकरा कामगार. सीएनसीवर नऊ मिलिमीटरचं टूल चढलेलं होतं. पत्र्यात भोकं पडत होती, खाली गोल चकत्यांचा ढीग होत होता, आणि एक काळासावळा, विशीतला ऑपरेटर वाकून देश तयार होताना बघत होता. तोच गणराज.

"मॅडम, आमचं जिंतूर कुठलं हो यातलं?"

"यात गावं नाहीत. जाळीचा बिंदू जिथे पडला तिथे ठिपका."

"म्हंजी नशिबावर."

"नशिबावर नाही. भूमितीवर."

"एकच झालं की," गणराज म्हणाला. "आमच्याकडं लाईट बी अशीच येती. पडंल तिथं पडंल."

वर्षालीला हसू आलं. तिने अंदाजाने परभणीच्या वरच्या अंगाचा एक ठिपका दाखवला, आणि हा दहा-बारा किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो, असंही सांगितलं. गणराजने त्यावर बोट ठेवलं. "असू द्या. तेवढं आमी चालत जातो."

"ए भूगोल!" दादासाहेब केबिनमधून ओरडले. "तुझा तास झाला आसंल तर मशीनवर ये. आन ताई, ही बारकी पंचवीस भोकं आमी पॉवर प्रेसवर मारनार हाय. पंचवीस भोकासाठी कोन टूल बदलतंय?"

वर्षालीने विचारलं, "चालेल ना पण?"

"न चालायला काय झालं? वीस वरसं मारतोय."

तिने मान हलवली आणि ती बसच्या रस्त्याला लागली.

मंगळवारी पावणेबाराला निरंजनचा फोन वाजला. तो फोन नेहमी स्पीकरवर घ्यायचा.

"निरंजनराव, पत्रा एक दिस उशिरा मिळल. पोराची बोटं गेली."

"काय म्हणताय? कुणाची?"

"गणराजची. चार. दवाखान्यात न्हेलंय. पत्रा पुसून घेतलाय, तीनच भोकं ऱ्हायलीत."

निरंजनने वर्षालीकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाला, "दादा, उद्घाटन शुक्रवारी आहे." आणि लगेच, स्वतःचंच ऐकून दचकल्यासारखा, "पोरगा बरा आहे ना?"

शुक्रवारी उद्घाटन झालं. पत्र्याला पांढरं पावडर कोटिंग झालं, मागे दिवे लागले, कुणा मोठ्या साहेबांनी फीत कापली. निरंजनने स्टुडिओच्या ग्रुपवर फोटो टाकला. वर्षालीने तो मोठा करून पाहिला. डाव्या खालच्या कोपऱ्यात अकरा ठिपके शांतपणे उजळले होते.

त्याच दुपारी दादासाहेबांकडून एका पत्राचा मजकूर आला. सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला येणार होते. दादासाहेबांचं म्हणणं असं, की गणराज मोबाईल बघत होता, काम सोडून हात पंचाखाली गेला, पत्र्याचं काही कारणच नव्हतं. गणराजचं म्हणणं, पत्रा पंचाला चिकटून वर उचलला गेला, तो दाबायला हात घातला. म्हणून स्टुडिओने लिहून द्यायचं होतं : ड्रॉइंगमध्ये सर्व छिद्रांमध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त अंतर होतं, त्यामुळे पत्रा उचलला जाण्याचं कारण नव्हतं. खाली सही, ड्रॉइंग करणाऱ्याची.

"कर सही," निरंजन म्हणाला. "अंतर दोन पॉइंट चार आहे. मी आत्ताच बघितलं."

"कुठल्या फाईलमध्ये?"

"कुठल्या म्हणजे? नकाशाच्या."

"आठ फुटी की सहा फुटी?"

निरंजनने खांदे उडवले. "एकच तर आहे. लहान केलेला."

वर्षालीने सहा फुटी फाईल उघडली. मुख्य भूमीचे ठिपके बघितले : बाराचे नऊ झालेले, जसे व्हायला हवे तसे. मग ती लक्षद्वीपवर गेली. सातव्या आणि आठव्या ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर सहा पूर्णांक चारचं चार पूर्णांक आठ झालं होतं. बरोबर, पंचाहत्तर टक्के. पण ठिपक्यांचा व्यास चारच होता. तो तीन व्हायला हवा होता.

काय झालं ते तिला एका क्षणात कळलं. बेटांचे ठिपके तिने वर्तुळं काढून केले नव्हते. घाईत तिने शून्य लांबीची रेषा काढली होती, गोल टोकांची, चार मिलिमीटर जाडीची. पडद्यावर ती गोल ठिपक्यासारखीच दिसते. सगळे असंच करतात. पंचवीस वेळा वर्तुळ ओढत कोण बसतं? पण चित्र लहान केलं की रेषांची जाडीही लहान करायची की नाही, याची सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते. त्या चौकटीत बरोबरची खूण नव्हती. ठिपके एकमेकांजवळ सरकले आणि स्वतः मात्र तेवढेच राहिले. मग तिने सगळ्याचं वर्तुळांत रूपांतर केलं आणि फाईल पाठवली. ठिपके किती हे दोनदा मोजलं होतं. मधला पत्रा किती हे लहान केल्यावर एकदाही मोजलं नव्हतं.

चार पूर्णांक आठ वजा चार. शून्य पूर्णांक आठ.

"निरंजन सर," ती म्हणाली, "इथे पत्रा मिलिमीटरभरही उरत नाहीये."

निरंजन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मग त्याने तिच्या हातातून माऊस घेतला आणि फाईल बंद केली.

"आठ फुटीवर सही कर."

"पण पाडला सहा फुटी."

"ते दादासाहेबांना माहीत, तुला माहीत, मला माहीत. इन्स्पेक्टर काय फाईल उघडून बघणारे का?" त्याने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, वर्षाली. त्याची बोटं परत येणारेत का?"

"नाही."

"मग? तू खरं बोललीस तर काय होईल? केस होईल. त्यात पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. कंपनी बिल अडवेल. माझ्या वाकडच्या फ्लॅटचे हप्ते तू भरणारेस?"

"अपघाताच्या कागदावर त्याच्या नावापुढे मोबाईल येईल, सर. त्या कागदावर कुठला प्रेसवाला त्याला गेटच्या आत घेईल?"

"एका हाताच्या माणसाला तसंही कोण घेतंय!"

हे बोलून गेल्यावर निरंजनने मान दुसरीकडे वळवली. वर्षालीने छापलेल्या पत्राची घडी घालून ते पिशवीत टाकलं. सही केली नाही.

शनिवारी ती खराबवाडीला गेली. चाळीतल्या शेवटच्या खोलीत गणराज पलंगावर उशीला टेकून बसला होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर ठेवलेला. त्याची बहीण पूनम वायरिंगच्या कंपनीत कामाला होती. आठवडाभराची सुट्टी काढून ती इथे थांबली होती.

"तुमीच का त्या ठिपक्यावाल्या मॅडम?" पूनमने दारातच विचारलं. "तुमचा बी कागद आणला का? एक झालाय आमचा."

"कसला?"

"दादासाहेबाचा मानूस आला होता, बुधवारी. याला इंजेक्शन दिलेलं, डोळे मिटलेले. म्हनला, दवाखान्याचा कागद हाय. सही कर म्हनला तर हा कशानं करनार? मग अंगठा घेतला." ती थांबली. "बारावी झालाय हो माझा भाऊ. आजवर कुठं अंगठा लावला नव्हता त्यानं. जो राहिला त्याचाच ठसा न्हेला."

कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो तिने दाखवला. माझ्या बेपर्वाईमुळे, असं त्यात दोनदा होतं. मोबाईल पाहत असताना, असं एकदा.

"मोबाईल खिशात होता," गणराज म्हणाला. वर्षाली आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. "चैन लावलेल्या खिशात. नर्सबाईनंच काढला पॅन्टीतून."

"मला सांग काय झालं ते," वर्षाली म्हणाली. "क्रमाने."

त्याने सांगितलं. सव्वीस किलोचा पत्रा दोन्ही हातांत धरून एकेक खूण पंचाखाली आणायची आणि पायाने पेडल दाबायचं. प्रेसची पुढची, हात वाचवणारी जाळी काढून ठेवलेली, कारण एवढा मोठा पत्रा ती असताना आत जात नाही. अंदमानचे चौदा नीट झाले. लक्षद्वीपचे सात झाले. आठवा खाली गेला, पंच वर यायला लागला आणि पत्रा त्याला चिकटून बरोबर वर आला.

"चपातीवानी फुगला, मॅडम. मधी पत्रा राहिलाच नव्हता धरायला. म्हनून उजव्या हातानं दाबला. वजन डाव्या हातावर आलं, मी झुकलो, आन पायाखाली पेडल."

"आधी सांगितलं नाहीस कुणाला? की ही दोन जवळ आहेत?"

"सांगितलं की. दादांना म्हनलं, ही दोन भोकं लई जवळ आलीत. तर म्हनले, देशाचा नकाशा हाय तो, तू कोन बदलनारा?" तो किंचित हसला, आणि ते हसू तोंडावर फार वेळ टिकलं नाही. "राहिलेली तीन मग सीएनसीवर मारली म्हनं. टूल बदलायला अकरा मिनिटं लागली."

वर्षालीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "गणराज, ती दोन भोकं माझ्यामुळे जवळ आली. बहुतेक."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"बहुतेक म्हंजी?" पूनमने विचारलं.

"फाईलमध्ये दिसतंय. पत्र्यावर अजून मोजलेलं नाही."

"मग इथं काय बसलाय?" पूनम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मोजा की जाऊन."

गणराज मात्र दुसऱ्याच विचारात होता. "मॅडम, पत्रा फुगलेला दिसंल का अजून? का ठोकून सपाट केला आसंल त्यांनी?"

हेच वर्षालीलाही माहीत नव्हतं. छिद्रांमधलं अंतर तिला दोषी ठरवणार होतं. ते गणराजच्या उपयोगाचं अर्धंच होतं. पत्रा खरोखर उचलला गेला होता हे सांगणारी एकच गोष्ट जगात होती, पत्र्याचा उठाव, म्हणजे त्याला आलेला फुगवटा. तो ठोकून बसवला असेल तर त्या कागदावरचा अंगठा कायमचा खरा ठरणार होता.

सोमवारी अकराला इन्स्पेक्टर शेडवर आले. निवृत्तीला आलेला, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारा माणूस. दादासाहेबांनी चहा मागवला होता. निरंजन गाडीची किल्ली बोटात फिरवत दाराशी उभा होता. वर्षालीबरोबर पूनम आलेली पाहून दादासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"स्टुडिओचं पत्र कुठाय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पत्र नाही," वर्षाली म्हणाली. "फाईल आहे. सहा फुटी. हीच इथे पाडली गेली." तिने छापील कागद पुढे केला. "यात अंतर शून्य पॉइंट आठ आहे. ही चूक माझी आहे. पण एवढ्या कमी अंतरावर पत्रा पंचाला धरून वर येऊ शकतो, आणि गणराज तेच सांगतोय."

निरंजनच्या बोटातली किल्ली थांबली.

दादासाहेब हसले. "ऐका, साहेब. शाळेतल्या पोरी आता प्रेस शिकवाया लागल्या आमाला. आवो ताई, कागदावर काय बी आसतं. पत्रा सरळ व्हता. मी सोता बघितला. न्हाई तर कंपनीनं घेतला आसता का भिंतीवर?"

"मग भिंतीवर बघू," वर्षाली म्हणाली.

"बघायचं काय त्यात? रंग झालाय, दिवं लागल्यात. लोकांच्या हापिसात घुसून भिंत खरवडनार व्हय तू?"

"खरवडायचं नाही. मोजायचं."

इन्स्पेक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुम्ही स्वतःविरुद्ध जबाब देताय. कळतंय ना?"

"हो. आणि लिहिताना छिद्र लिहा, साहेब. ठिपका कागदावर असतो."

इन्स्पेक्टरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "कंपनी किती लांब आहे?"

"चार किलोमीटर," पूनम म्हणाली.

रिसेप्शनमध्ये गारवा होता. टेबलामागची नेहा नावाची मुलगी चौघांपाचांना एकदम आत येताना पाहून उठून उभी राहिली, आणि इन्स्पेक्टरांचं ओळखपत्र पाहून तिने आत फोन लावला. भिंतीवर देश उजळला होता. सहा-सात ठिकाणी लाल उजेड. डाव्या खालच्या कोपऱ्यासमोर कुणीतरी मोठी कुंडी आणून ठेवली होती.

"ही कधी ठेवली?" वर्षालीने विचारलं.

"शनिवारी," नेहा म्हणाली. "तिथे जरा, म्हणजे उजेड वेडावाकडा पडत होता. साहेब म्हणाले, झाड ठेवा."

निरंजनने एकट्याने कुंडी सरकवली. ती जड होती.

वर्षाली गुडघ्यांवर बसली. जवळून पाहिलं तेव्हा पांढऱ्या रंगाखाली सातव्या आणि आठव्या छिद्रांमधली पट्टी दोऱ्यासारखी दिसत होती. पण डोळ्यांचं ती काही मानणार नव्हती. तिने पिशवीतून बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर काढला, पुसला, त्याचे जबडे मिटवून शून्य तपासलं. आधी दोन छिद्रांमधला पत्रा घेतला. जबडे छिद्रांत सोडून, हलकेच दाबून. आकडा वाचला, वहीत लिहिला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला.

"एकदा घेतलं की झालं न्हाई का?" दादासाहेब म्हणाले.

"हात थरथरतो," ती म्हणाली. "म्हणून तीनदा."

मग तिने दोन गोल लोहचुंबकं काढली, एकाच डब्यातली, सारख्या जाडीची. ती तिने छिद्रांच्या दोन्ही बाजूंना, सपाट भागावर चिकटवली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीपासून पत्र्यापर्यंतची खोली आधी सपाट जागी मोजली आणि मग पट्टी न हलवता त्या दोन छिद्रांच्या मधोमध. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे उठाव. हे तिने इन्स्पेक्टरांना सांगितलं, त्यांनी वाकून स्वतः व्हर्नियर हातात घेतला, सपाट जागी एकदा आणि मधोमध एकदा वाचलं आणि वजाबाकी आपल्या कागदावर स्वतः केली. दोघांचे कागद जुळतात का ते पाहिलं.

पूनम टेबलाला टेकून उभी होती. "काय आलं?" तिने विचारलं.

आतून कंपनीचा कुणी माणूस बाहेर आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला. निरंजनने त्याला बाजूला नेलं. दादासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती.

इन्स्पेक्टरांनी सोफ्यावर बसून फाईल मांडीवर घेतली, गणराजच्या अंगठ्याचा कागद वर होता तो उलटवून बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला, तारीख आणि वेळ घातली.

"सांगा," ते म्हणाले. "सावकाश."

वर्षाली वही उघडून वाचू लागली, आणि ते तिच्यामागोमाग लिहीत गेले :

लक्षद्वीप, छिद्र क्रमांक ७ आणि ८. मधला पत्रा : ०.७२, ०.७०, ०.७४ मिलिमीटर. सरासरी ०.७२ मिलिमीटर. पट्टीपासून सपाट पत्रा : ६.०२ मिलिमीटर. पट्टीपासून छिद्रांच्या मधोमध : ३.८८ मिलिमीटर. उठाव : २.१४ मिलिमीटर.